औषधात शिसे-पाऱ्याची शंका आली तर: काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने

आयुर्वेदिक गोळ्यांत शिसे सापडल्याची बातमी वाचली की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. गोळ्या त्याच दिवशी बंद होतात, डबी कचऱ्यात जाते आणि पोटदुखी थांबली नाही की दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते. तोवर रक्तातले शिसे उतरलेले असते आणि पुरावा घंटागाडीत गेलेला असतो. हातात येणारा रिपोर्ट मग कोणालाच काही सांगत नाही. तपासण्या सगळ्या योग्य असतात, क्रम तेवढा चुकतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

आधी हे वाचा. झटके, सतत उलट्या, असह्य पोटदुखी, मनगट उचलता न येणे, गुंगी किंवा लघवी खूप कमी होणे यांपैकी काहीही असेल तर खालच्या पायऱ्या करत बसू नका. औषधाची डबी पिशवीत टाका आणि थेट रुग्णालयात जा. गरोदर बाई किंवा लहान मूल ते औषध घेत असेल तर त्रास नसला तरी पायरी ५ आणि ६ त्याच दिवशी करा.

## पायरी १: काहीही न टाकता सगळे एका जागी आणा

घरातले प्रत्येक औषध टेबलावर मांडा. गोळ्या, चूर्णे, काढे, आसवे, मलमे, बाळगुटी, कोणी गावाहून आणून दिलेल्या पुड्या, फोनवरून मागवलेला शिलाजीत, सगळे. रोज घेता ते आणि मध्येच बंद केलेलेही.

प्रत्येक डबीचे चारही बाजूंनी फोटो काढा. बॅच क्रमांक बहुधा तळाशी किंवा झाकणाच्या कडेला फिकट शाईत छापलेला असतो आणि हाताळून पुसला जातो, म्हणून त्याचा वेगळा फोटो घ्या. बिल असेल तर सोबत ठेवा. मग एका कागदावर लिहा: कोण घेते, कधीपासून, दिवसातून किती, शेवटची मात्रा कधी घेतली.

औषध मूळ डबीतच राहू द्या. दुसऱ्या भांड्यात ओतलेले, पितळी डबीत ठेवलेले किंवा घरच्या मिक्सरमधून फिरवलेले चूर्ण पुढे तपासायला दिले, तर आलेला धातू औषधातला की भांड्यातला हे सांगता येत नाही.

## पायरी २: तीन ढीग करा

पहिला ढीग, रसौषधी. यांत धातू किंवा खनिज मुद्दाम घातलेले असते. भस्म म्हणजे धातू भट्टीत भाजून केलेली राख. नाग भस्म म्हणजे शिसे. रससिंदूर, मकरध्वज, कज्जली, रसपर्पटी, हिंगूळ म्हणजे पारा. मल्लसिंदूर आणि समीरपन्नग रसात पारा आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, दोन्ही असतात. रसमाणिक्य हरताळापासून करतात, तेही आर्सेनिकच.

नावावर भरवसा ठेवलात तर इथेच फसाल. ‘रस’ शब्द नसलेल्या आरोग्यवर्धिनी वटीत पारा असतो. उलट गंधक रसायनाच्या नावात ‘रस’ ऐकू येतो, पण ते गंधकाचे औषध आहे, पाऱ्याचे नव्हे. सर्वांत जास्त गोंधळ गुग्गुळाचा. योगराज गुग्गुळ वनस्पतींचा असतो, महायोगराज गुग्गुळात मात्र नाग भस्म, वंग (कथिल) भस्म आणि रससिंदूर पडते. दुकानात ‘योगराज द्या’ म्हटल्यावर महायोगराज हातात आला आणि तो वर्षभर घेतला, असे सहज घडू शकते. मधुमेहासाठी घेतल्या जाणाऱ्या वसंतकुसुमाकर रसात सोन्या-मोत्याबरोबर नाग भस्मही असते, आणि लोक लक्षात ठेवतात ते फक्त सोने.

दुसरा ढीग, काष्ठौषधी. यांत फक्त वनस्पती असायला हव्यात. तरीही मातीतून, सांडपाण्यावर घेतलेल्या पिकातून, न धुतलेल्या मुळ्यांतून किंवा कारखान्यात त्याच यंत्रावर आधी भस्म दळल्यामुळे धातू येऊ शकतो. अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे २१ टक्के नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. रसौषधींत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होते, पण बाकीच्यांतही १७ टक्के होते. ‘नुसते झाडपाल्याचे आहे’ एवढ्यावर हा ढीग बाजूला ठेवू नका.

तिसरा ढीग, नाव-गाव नसलेले. कागदाच्या पुड्या, लेबल नसलेल्या डब्या, रस्त्याकडेच्या तंबूतून घेतलेल्या गोळ्या. यांची पुढची छाननी घरी होऊच शकत नाही, म्हणून हा ढीग सर्वांत धोक्याचा धरा.

## पायरी ३: लेबल वाचा, भिंग घेऊन

‘प्रत्येक गोळीत’ या शब्दांपासून सुरुवात करा. खालच्या ओळी मुंगीएवढ्या अक्षरांत असतात आणि त्यांत ‘शु. पारद’, ‘शु. हिंगुल’, ‘नाग भ.’ अशी आखूड रूपे असतात. ‘शु.’ म्हणजे शुद्ध, ‘भ.’ म्हणजे भस्म. ‘शु.’ दिसले की पुढचा शब्द दोनदा वाचा. शोधन, म्हणजे हे शुद्धीकरण, मुख्यतः विषारी किंवा खनिज द्रव्यांचे करतात.

लेबलवर या गोष्टी हव्यात: घटकांची पूर्ण यादी आणि प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधले विषारी द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. त्या यादीत पारा, हिंगूळ, हरताळ, मनःशिळा, मोरचूद, शेंदूर अशी नावे आहेत. प्रत्येक धातूचे प्रत्येक भस्म त्या यादीत नाही. त्यामुळे सूचना दिसली नाही म्हणून धातू नाही असे धरू नका, घटकांची ओळ वाचाच.

परवान्याच्या जागी १४ आकडी क्रमांक असेल तर तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. ‘आयुर्वेद आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत भस्म किंवा पिष्टी (खलून केलेली खनिजाची बारीक पूड) घालायला २०२२ च्या नियमांत मुभाच नाही. अशा डबीवर भस्माचा उल्लेख दिसला तर ती सरळ तक्रारीच्या ढिगात टाका.

तपासा: परवाना, बॅच आणि घटक यांतले एकही नसेल, तर ते औषध तिसऱ्या ढिगात गेले.

## पायरी ४: दिवसाची मात्रा काढा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नेमका निर्णय हिच्यावरच ठरतो.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात वनस्पतिजन्य औषधांसाठी मर्यादा दिल्या आहेत: शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅम औषधात एक मायक्रोग्रॅम धातू. या मर्यादेला तुम्ही दिवसाला किती औषध घेता ते माहीत नसते. म्हणून गुणाकार आपण करायचा: पीपीएम गुणिले दिवसाचे ग्रॅम बरोबर दिवसाचे मायक्रोग्रॅम. पीपीएमचा आकडा कंपनीच्या किंवा पायरी ७ मधल्या रिपोर्टवर मिळतो.

पाव ग्रॅमच्या चार गोळ्या, शिसे २ पीपीएम: दिवसाला २ मायक्रोग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून ६ ग्रॅम चूर्ण, शिसे ९ पीपीएम: दिवसाला ५४ मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधे मर्यादेत आहेत, दोन्हींच्या रिपोर्टवर ‘पास’ लिहिलेले असेल. तुलनेसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातून येणाऱ्या शिशासाठी वापरलेला आकडा बघा: प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसाठी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम, मुलांसाठी २.२. म्हणजे ‘पास’ झालेले चूर्णसुद्धा गरोदर बाईने महिनोन्‌महिने चमचाचमचा घेण्यासारखे नसू शकते.

आता रसौषधी. गोळीत १० मिलिग्रॅम नाग भस्म आहे आणि त्यातले निम्मेच शिसे धरले, तरी ते ५,००० मायक्रोग्रॅम. दोन गोळ्यांचे १०,००० झाले. वरच्या मर्यादा वनस्पतिजन्य औषधांसाठी आहेत, रसौषधीला त्या लागूच होत नाहीत. त्यामुळे ‘आमच्या कंपनीची हेवी मेटल टेस्ट झालेली आहे’ हे उत्तर रसौषधीच्या बाबतीत कुचकामी आहे.

‘भस्म शास्त्रोक्त असेल तर धातू बाधत नाही’ असे तुम्हाला हमखास सांगितले जाईल. भस्माच्या पारंपरिक परीक्षा आहेत: पाण्यावर तरंगले तर वारितर, बोटांच्या रेषांत भरले तर रेखापूर्ण, चकाकी गेली तर निश्चंद्र, पुन्हा धातू सुटला नाही तर अपुनर्भव. भस्म किती बारीक झाले, मूळ धातूचे रूप गेले का, हे त्यांतून कळते. भट्टीत शिशाचे संयुग बदलते, शिसे हे मूलद्रव्य नाहीसे होत नाही. ते शरीरात शोषले जाते का, हे बोटांच्या रेषांवर दिसणार नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांमध्ये आयुर्वेदिक औषधांशी जोडलेली शिशाची विषबाधा नोंदली गेली, ती रक्ततपासणीतूनच.

## पायरी ५: औषध थांबवा, पण या पद्धतीने

शिसे, पारा किंवा आर्सेनिक असलेली रसौषधी आणि तिसरा ढीग थांबवायचा. वैद्यांनी दिलेले औषध असेल तर त्यांना फोन करून सांगा की तुम्ही थांबवत आहात, आणि घटक विचारा. चांगले वैद्य यावर रागावत नाहीत, पर्याय सुचवतात.

सावधान. दमा किंवा सांधेदुखीवरच्या ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. अनेक महिने घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. अशी पुडी घेत असाल तर ती घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा आणि थांबवण्याचा निर्णय त्यांच्यासमोर घ्या.

मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉइडच्या गोळ्या या सफाईत बंद करू नका. त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही.

## पायरी ६: रक्त आणि लघवी, वेळ न घालवता

रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, कारण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथून वर्षानुवर्षे पाझरत राहते. तीन महिन्यांनी केलेली तपासणी म्हणूनच खोटा दिलासा देते. औषध थांबवले त्याच आठवड्यात रक्त द्या.

डॉक्टरांना एक वाक्य स्पष्ट सांगा: ‘मी अमुक महिने हे औषध घेतो, यात हे भस्म आहे.’ अनेक रुग्ण डॉक्टर ओरडतील म्हणून आयुर्वेदिक औषध लपवतात. शिशाने होणारी पोटातली कळ, बद्धकोष्ठ आणि कमी हिमोग्लोबिन मग गॅस, अपेंडिक्स किंवा लोहाची कमतरता म्हणून उपचारले जाते.

शिसे: शिरेतून काढलेले रक्त हवे, उपाशी राहण्याची गरज नाही. नमुना सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठीच्या नळीत घ्यायला सांगा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळू शकते. रिपोर्ट आला की आधी एकक बघा. काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, काही प्रति लिटर. ३५ प्रति लिटर म्हणजे ३.५ प्रति डेसिलिटर. हा दहापटीचा गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो: कोणी विनाकारण घाबरते, कोणी विनाकारण निश्चिंत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आले, तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवायला हवे. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ हा संदर्भ आकडा आहे. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जुनी १० ची मर्यादा छापलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

आर्सेनिक: यासाठी लघवी द्यावी लागते, आणि आर्सेनिक दोन-तीन दिवसांतच बरेचसे निघून जाते. कोकणात, गोव्यात आणि मासेखाऊ घरांत आणखी एक भानगड आहे. कोळंबी, तिसऱ्या, सुरमई यांतले निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिकही लघवीत येते आणि आकडा फुगतो. एरवी चार-पाच दिवस मासे बंद ठेवून नमुना देतात. पण औषधाची शेवटची मात्रा कालपरवाच घेतली असेल तर थांबू नका, लगेच नमुना द्या आणि असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजायला सांगा.

पारा: रसौषधीतल्या पाऱ्यासाठी लघवी जास्त उपयोगी पडते. रक्तातला आकडा मोठ्या माशांमुळेही वाढतो, म्हणून आहार सांगा.

हे करू नका: केसांची तपासणी. त्यावर रंग, शांपू, पाणी, धूळ यांचा परिणाम होतो. तसेच आधी धातू खेचणारे औषध देऊन मग लघवी मोजणारी तपासणी. त्यात निरोगी माणसाचा आकडाही वाढलेला दिसतो आणि महागड्या ‘डिटॉक्स’ पॅकेजची विक्री होते.

सोबत हिमोग्राम, पेरिफेरल स्मिअर, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते.

## पायरी ७: औषधाची तपासणी

रक्ताचा नमुना दिल्यावरच इकडे वळा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. मान्यता ठराविक चाचण्यांपुरती असते. पाण्यातले शिसे मोजण्याची मान्यता म्हणजे आयुर्वेदिक औषधातले मोजण्याची मान्यता नव्हे, म्हणून मान्यतेची व्याप्ती मागून बघा. आयसीपी-एमएस किंवा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीने शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम चारही मोजायला सांगा, आणि किती ग्रॅम लागेल ते आधी विचारा.

कोणता नमुना द्यायचा? शक्य असेल तर दोन्ही: तुम्ही घेत होता ती उघडी डबी आणि त्याच बॅचची सीलबंद डबी. एकाच तपासणीचे पैसे असतील तर उपचारासाठी उघडी डबी द्या, कारण पोटात तीच गेली आहे. तक्रार लढवायची असेल तर सीलबंद. उघड्या डबीबद्दल कंपनी ‘तुमच्या घरी मिसळले’ असे म्हणू शकते.

तपासा: रिपोर्टवरचा बॅच क्रमांक तुमच्या फोटोतल्या क्रमांकाशी जुळतो का? कंपनीने पाठवलेला रिपोर्ट वेगळ्या बॅचचा असेल तर तुमच्या डबीबद्दल तो काहीच सांगत नाही.

## पायरी ८: उपचार, घरातले इतर आणि फेरतपासणी

बहुतेक वेळा स्रोत थांबवणे हाच मुख्य उपचार असतो. धातू बाहेर काढणारी औषधे, म्हणजे चिलेशन, कधी द्यायची हे आकडा, वय, लक्षणे आणि गरोदरपण पाहून डॉक्टर ठरवतात. स्रोत चालू ठेवून चिलेशन घेऊ नका, आतड्यातले शिसे उलट जास्त शोषले जाऊ शकते. कोथिंबिरीचा रस, कोळशाच्या गोळ्या, आणखी एखादे ‘शुद्धीकरण’ चूर्ण यांत दिवस घालवू नका.

तेच औषध घरात आणखी कोणी घेत होते? त्या प्रत्येकाचे रक्त तपासा, विशेषतः मुलांचे. आणि औषध निर्दोष निघूनही रक्तात शिसे असेल तर घरात बघा: सुरमा, शेंदूर, सुटी हळद, पोपडे सुटलेला जुना रंग, भेसळीच्या कथलाची कल्हई, घरातल्या कोणाचे बॅटरी किंवा भंगाराचे काम.

पहिली फेरतपासणी साधारण महिन्याने, त्याच प्रयोगशाळेत. आकडा उतरत नसेल तर औषध खरोखर बंद आहे का ते विचारा. आजी-आजोबा ‘एवढे महाग आणलेय’ म्हणून उरलेले संपवतात, हे लक्षात ठेवून डब्या कुलपात ठेवा. पुढे गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना हा इतिहास नक्की सांगा, कारण हाडांतले शिसे त्या काळात पुन्हा रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोहोचते.

## पायरी ९: तक्रार

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालयात लेखी तक्रार द्या. सोबत लेबलचे फोटो, बिल, दोन्ही रिपोर्टच्या प्रती जोडा आणि पोच घ्या. मूळ डबी देऊन टाकू नका. अधिकाऱ्यांनी मागितली तर पावती घेऊनच द्या आणि थोडे औषध स्वतःकडे ठेवा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय औषधदक्षता यंत्रणा आहे, तिचे समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा अर्ज भरून देता येतो का, विचारा. परदेशात असाल आणि औषध गावाहून नेलेले असेल, तर तिथल्या डॉक्टरांना डबीच दाखवा. घटकांच्या ओळीचे भाषांतर करताना भस्मांची नावे गाळू नका.